थांबा मॅडम

मॅडमचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण यवतमाळात ते कोणी वापरत नसे. सगळे त्यांना थांबा मॅडम म्हणायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर "पुसायचं का? हो की नाही?" असा प्रश्न आला आणि कोणाचंही बोट "हो"कडे सरकलं, की मॅडम दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या, "थांबा!" त्या आवाजानं बोट तर थांबायचंच, पण खाली रस्त्यावरचे ऑटोही ब्रेक मारायचे. एकदा खरंच एक ऑटोवाला जिना चढून वर आला आणि विचारू लागला, "कुठं जायचं मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "आलेच हाय तर बसा, चहा घ्या. माह्यं ऐकून थांबणारे तुम्ही पहिलेच."

दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत, सायकलवाल्याच्या माडीवर होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पाण्यापेक्षा आवाज जास्त टाकणारा एक कूलर. लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा टाइप करून मिळायचे आणि बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त व्हायचे. दुरुस्त म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट. सगळं पुसायचं आणि विंडोज नव्यानं टाकायची. लोक त्याला "फॉरमॅट मारणे" म्हणत. मॅडमला तो शब्द आवडायचा नाही. "मारायले तो साप आहे का?" असं विचारायच्या.

मी तिथं कामाला लागले ते बी. कॉम. झाल्यावर. बोरी अरब गावच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण ती सांगण्याची गोष्ट आहे. मॅडमलाही मी ते पहिल्या दिवशी जिन्यातच सांगितलं आणि वर गेल्यावर पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "बरं झालं. माझे वडील कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क होते, ते मीही लोकायले सांगत असते. ज्याचं त्यानं सांगावं, दुसरा कायले सांगंल? आता बस. आणि हात मांडीखाली ठेव."

हात मांडीखाली ठेवून बसणे ही त्यांच्याकडची पहिली शिकवणी होती. पहिला आठवडा नुसतं पाहायचं. की-बोर्डला हात लागला की शिक्षा म्हणून खालून चहा आणायचा. त्या आठवड्यात मी खूप चहा आणला. तेव्हापासून माझं नाव पडलं "बीकॉम". "ए बीकॉम, हात कुठं हायेत?" असा आवाज आजही कानात आला तर मी हात मांडीखाली घालीन.

ती कापसाची पडती वर्षं होती. भाव नव्हता, बोंडअळी होती, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग अर्धा सीझन बंद राहायच्या. बाहेरची माणसं यवतमाळचं नाव घेताना आवाज खाली करायची. आम्ही मात्र तिथंच राहत होतो, आणि राहणाऱ्याला बारा महिने आवाज खाली करून चालत नाही. मॅडमला तर ते मुळीच जमणारं नव्हतं. अडते, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले यांचे कॉम्प्युटर आमच्याकडे यायचे. डबा उघडला की आतल्या पंख्याला कापूस गुंडाळलेला असायचा आणि दुकानभर सरकीचा वास सुटायचा. मॅडम ब्रशनं तो काढून टेबलावर ढीग करायच्या आणि मालकाला दाखवायच्या. "भाऊ, मार्केटात भाव नाही म्हणून हा इथं येऊन लपला. एक उशी होते याची. घेऊन जा घरी."

साफसफाई झाली की उलटतपासणी. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॅडम, यात काही नाही. तुम्ही बिनधास्त फॉरमॅट मारा." मॅडम स्टूल पुढं ढकलायच्या. "बसा. 'काही नाही' असा कॉम्प्युटर मी अजून पाह्यला नाही. आठवा." मग तो माणूस आधी वैतागून, नंतर विचारात पडून, शेवटी घाबरून आठवत बसायचा. पोराचे बारशाचे फोटो, बहिणीचा बायोडाटा, मागच्या सालचा हिशेब. मॅडम एकेक ड्राइव्ह त्याच्यासमोर उघडून दाखवायच्या. डेस्कटॉपवर गच्च भरलेल्या फाइली दिसल्या की हताश व्हायच्या. "हे म्हणजे सगळं सामान ओसरीवर ठेवण्यासारखं झालं. पाणी आलं की आधी ओसरीच जाते, भाऊ. घरात नेऊन ठेवत जा."

एका कृषी केंद्रवाल्याची गोष्ट तर त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. हा माणूस स्टूलवर बसून शपथेवर म्हणाला, की आठवायला काही उरलं नाही. मॅडमनी सगळं घेतलं, दाखवलं, त्यानं मान डोलावली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता कचऱ्याचा डबा रिकामा करते." तेव्हा तो ताडकन उठला. "नाई नाई मॅडम! सगळं महत्त्वाचं त्यातच तर हाय!" आम्ही पाहतच राहिलो. तो समजावून सांगू लागला, "दुकानात पोट्टे असतात, कोणीबी खोलून पाह्यते. कचऱ्यात कोण हात घालंल? म्हणून मी तिथं ठेवतो." मॅडमनी डोक्याला हात लावला नाही, हसल्या नाहीत. कचऱ्यातून एकेक फाइल काढून त्यांनी सीडीवर घातली आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "पाह्यलं? म्हणून विचारावं लागते. माणूस कुठं काय ठेवंल याचा नेम नाही."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम मात्र वेगळा होता. सीडी भरली, पडद्यावर "कॉपी पूर्ण" असं आलं, तरी त्या मानत नसत. ती सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घालायची, फाइल उघडायची, डोळ्यांनी पाहायची, मगच पहिल्याला हात लावायचा. मी एकदा कंटाळून म्हटलं, "मॅडम, ते स्वतःच म्हणून राह्यलं ना, कॉपी झाली म्हणून." तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि मी बोरीच्या बसला निघाले होते. मॅडम म्हणाल्या, "तुले मी बसमध्ये बसवून देते. कंडक्टर म्हणते, बसली. तेवढ्यानं माझं समाधान होते का? पोचली की मिस कॉल दे म्हणते ना मी? तसंच हे. बसवणं वेगळं, पोचणं वेगळं." आणि खरंच, मी घरी पोचून मिस कॉल दिल्याशिवाय त्या जेवायला बसत नसत. एकदा मी विसरले, तर आमच्या शेजारच्या किराणावाल्याच्या फोनवर त्यांचा फोन आला. सगळ्या वस्तीला कळलं, की माझी मॅडम मी पोचले का ते विचारून राहिली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हात मांडीखाली घालून बसवलं, ते दुपारपर्यंत.

आता आत्याची गोष्ट सांगते, कारण मॅडम खऱ्या कळल्या त्या तेव्हा.

माझी आत्या गाणी रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जयंती आली की आमच्या विहारासमोर तिची गाणी नसतील असं कधी झालं नाही. कापूस वेचताना रचायची, निंदताना चाल लावायची. एका वर्षी वस्तीतल्या लोकांनी ठरवलं, की आत्याच्या गाण्यांचं छोटं पुस्तक छापायचं आणि जयंतीला वाटायचं. टाइप कोण करणार? बीकॉम. मॅडमनी दर सोमवारी दुपारी आम्हाला एक कॉम्प्युटर मोकळा करून दिला. आत्या एसटीनं यायची, कूलरसमोर बसायची आणि गायची. मी टाइप करायची. मॅडम समोरच्या गिऱ्हाइकाला तोंडावर बोट ठेवून गप्प करायच्या.

हिवाळाभर ते चाललं. शेवटच्या सोमवारी मी म्हटलं, "आत्या, ते पाटीचं गाणं पुन्हा एकदा म्हण, एक ओळ तपासते." आत्या आठवू लागली आणि मग हसली. "नाई येत वं माय."

"नाई येत म्हणजे?"

"अवं, तुमच्या डब्यात टाकलं ना आता सगळं? मंग मी कायले डोक्यात ठेवू? डोकं खाली केलं म्या, रिकामं. नवीन गाणी बसवाले जागा पाह्यजे का नाई?"

मला गंमत वाटली. मॅडमला वाटली नाही. "आत्याबाई, असं करू नका बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या.

जयंती जवळ आली आणि आमच्या दोन्ही कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आला. एक साफ केला तर दुसऱ्यातून पुन्हा येई, घरातल्या खरजेसारखा. मॅडमनी ठरवलं, दोन्ही एकाच दिवशी पुसायचे. त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह, डेस्कटॉप, सगळं सीडीवर. नियमाप्रमाणे सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घालून आत्याचं पुस्तक उघडलं, पान न् पान पाहिलं. सगळं जागेवर. मग दोन्ही पुसले आणि नवीन विंडोज टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. छापण्याआधी तिला सगळी गाणी वाचून दाखवायची होती. मी सीडी घातली, फाइल उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं. वरपासून खालपर्यंत.

हे कसं झालं ते सांगायला हवं. त्या काळी मराठी कॉम्प्युटरमध्ये मुळात नसायची. फॉन्ट वेगळा आणून टाकावा लागे. फाइलच्या आत असायची ती अशीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालून पडद्यावर उभं करायचा. आणि तो फॉन्ट राहायचा सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्याच पोटात. पुसायचा असतो तोच ड्राइव्ह. गाणी आम्ही जपून घेतली होती, फॉन्ट घेतला नव्हता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं तेव्हा सगळं नीट दिसलं, कारण तिथंही तोच फॉन्ट होता. मग आम्ही तोही पुसला.

मॅडमनी कपाट उघडलं. फॉन्टची मूळ सीडी सापडली. तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता आणि मधोमध चीर गेली होती. फॉन्ट नागपूरच्या एका माणसानं स्वतःच्या हिशेबानं अक्षरांच्या जागा बदलून बनवलेला होता आणि त्याचं दुकान केव्हाच उठलं होतं. बाजारातला दुसरा फॉन्ट लावून पाहिला, तर अक्षरं मराठी दिसली, पण ओळ एकही लागेना.

मॅडम स्टूलवर बसल्या. गिऱ्हाइकाच्या स्टूलवर. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं विचारलं, "काय झालं वं?" मी सांगितलं, की गाणी आहेत, पण दिसत नाहीत. आत्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "मले तर पह्यलेबी असंच दिसे." मग तिनं मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाटीचं गाणं गुणगुणून पाहिलं. एक ओळ आली, दुसरी आली नाही. तिच्याही तोंडावरचं हसू गेलं. "खरंच नाई येत बापा," ती म्हणाली.

मला मॅडमचा राग आला होता. पण राग काढायची ती वेळ नव्हती. मी स्टूल ओढलं, मॅडमसमोर बसले आणि म्हटलं, "मॅडम, हात मांडीखाली."

त्यांनी चमकून पाहिलं.

"हात मांडीखाली ठेवा आणि आठवा. आपण कोणाकोणाला मराठी टाकून दिली? 'कोणालाच नाही' असं मी मानणार नाही."

क्षणभर वाटलं, आता चहा आणायला पाठवतात. पण त्यांनी खरंच हात मांडीखाली घेतले आणि डोळे मिटले. एक शाळा, पण तिथला कॉम्प्युटर चोरीला गेला. एक अडत्या, त्याचा आम्हीच मागच्या महिन्यात पुसला. एक पत्रिकावाला, तो अमरावतीला गेला. मग मॅडमनी डोळे उघडले. "बीकॉम! तुह्या बोरीच्या रस्त्यावरची जिनिंग! वजनकाट्याच्या पट्ट्या मराठीत पाह्यजे म्हणून मीच टाकून देल्ली होती!"

आम्ही तिघी पुढच्या बसनं निघालो. जिनिंग त्या सीझनला बंद होती. आवारात गवत वाढलेलं, काट्यावर बकऱ्या उभ्या. ऑफिसात एकटे दिवाणजी होते. त्यांनी मॅडमला ओळखलं. "या या. काय काढलं इकडं?"

मॅडम म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर पाहायचा आहे."

"तो? त्यात काही नाई मॅडम. मालक म्हणते, विकून टाका. माहा भाचा आला हाय सुटीत, तोच आतमंधी बसला हाय, फॉरमॅट मारून देतो म्हणे."

"थांबा!"

मी मॅडमचा "थांबा" पुष्कळ ऐकला होता, पण असा नाही. काट्यावरच्या बकऱ्या उडाल्या. दिवाणजींच्या हातातली बशी पडली. आतून घाबरलेला आवाज आला, "मामा, मी काही केलं नाई! लाइटच नाई ना!"

भारनियमनाला मी जन्मभर शिव्या घातल्या आहेत. त्या दिवसाच्या सोडून.

लाइट येईपर्यंत मॅडमनी कॉम्प्युटर उघडला. आत इतका कापूस होता की पंखा दिसत नव्हता. आत्या पुढं झाली. "सरा, हे माह्यं काम." आणि वेचायला बसल्यासारखी बसून तिनं बोटांच्या चिमटीनं तो सगळा कापूस उचलला, एक तार न हलवता. दिवाणजी म्हणाले, "बाई, चांगला धागा हाय, नाई का?" आत्या म्हणाली, "हो, पण भाव तोच."

लाइट आली. कॉम्प्युटर खोकला, घरघरला आणि सुरू झाला. मॅडमनी सी ड्राइव्ह उघडला. फॉन्ट तिथं होता. मी आनंदानं टाळी वाजवली, तर मॅडम म्हणाल्या, "आताच नाही." त्यांनी तो फ्लॉपीवर घेतला, पेनड्राइव्हवर घेतला, दुसऱ्या फ्लॉपीवर घेतला. एक फ्लॉपी माझ्याकडे, एक आत्याच्या पदराला गाठ मारून, पेनड्राइव्ह स्वतःच्या पर्समध्ये. "बस पलटली तरी एक तर पोचंल," त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, "काहून वं बाई असं बोलता बसच्या तोंडावर!"

यवतमाळला येऊन आम्ही फॉन्ट टाकला. फाइल उघडली. मी पहिलं गाणं मोठ्यानं वाचलं,

"पाटी घेतली पोरीनं, पेन्सिल घेतली पोरीनं,
पह्यलं नाव लिवलं बाई, मायचं तिच्या पोरीनं."

तिसऱ्या ओळीला मला वाचावं लागलं नाही. आत्या चालीवर आली होती आणि तिला पुढचं सगळं येत होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, आता ऐका. डोकं खाली करायचं नाही. एक डब्यात, एक डोक्यात. आणि ज्या चार पोरींचे गळे बरे असतील त्यायलेही शिकवा. हा माझा नवीन नियम हाय."

"आन् तुमच्यासाठी?" आत्यानं विचारलं.

"माझ्यासाठी वेगळा. मजकूर घेतला तर अक्षरही घ्यायचं." दुसऱ्या दिवशी तो नियम मोठ्या टायपात छापून भिंतीवर लागला. गिऱ्हाइकांनी विचारलं, की मॅडम स्वतःची फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या, कृषी केंद्रवाल्याच्या गोष्टीनंतर लगेच. त्यात माझं "हात मांडीखाली" त्या अशा आवाजात करून दाखवायच्या की मलाच लाज वाटायची.

पुस्तक जयंतीला निघालं. मॅडम बोरीला आल्या, बायांमध्ये सतरंजीवर बसल्या. आत्यानं शिकवलेल्या पोरी गात होत्या आणि मॅडम मांडीवर पुस्तक उघडं ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहत होत्या. कॉपी बरोबर उतरली का, एवढंच.

पुढं मला यवतमाळच्याच एका पतसंस्थेत नोकरी लागली. मॅडमच्या डोळ्यांना पडद्याचा त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि रायपूरला लेकीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. त्यांच्याकडं एक ट्रंक, एक पिशवी आणि सीड्यांचा एक स्टीलचा डबा. डबा काही केल्या माझ्या हातात देत नव्हत्या. त्यात निम्म्या यवतमाळचे बारशाचे फोटो होते. शेवटी बस सुरू झाल्यावर खिडकीतून तो त्यांनी माझ्याकडे दिला. "याची दुसरी कॉपी माझ्या ट्रंकेत हाय. पण गावाचं गावात असावं. लोक मागायला येतील तुह्याकडं."

लोक येतात. अजूनही. "मॅडम, माझ्या कॉम्प्युटरात काही नाही, पण लेकीचा एक फोटो होता का पाहा ना." मी स्टूल पुढं करते.

त्या दिवशी कंडक्टरनं घंटी मारली. मी बसबरोबर चार पावलं चालले आणि ओरडले, "मॅडम, पोचल्या की मिस कॉल द्या!" त्यांनी खिडकीतून हात हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पतसंस्थेत गेले, पण कामाला हात लावला नाही. साहेब म्हणाले, "काय झालं, सुरू करा ना." मी म्हटलं, "थांबा."

मग फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. मी मांडीखालून हात काढले आणि कामाला लागले.